चढावरची टिकटिक

मिस्त्रींच्या कानाचा सगळीकडे बोलबाला होता. गाडी गॅरेजच्या दाराशी वळत असतानाच, हातातला पाना खाली न ठेवता ते सांगायचे, "पंख्याचा पट्टा सैल झालाय." बॉनेट उघडलं की पट्टा सैलच निघायचा. दुसऱ्या गॅरेजवाल्याशी वाद झाला की लोक निवाड्याला यांच्याकडे यायचे.

अठ्ठावन्नाव्या वर्षी कानांनी दगा द्यायला सुरुवात केली. आधी बारीक आवाज गेले. दाराची बेल, फोनची रिंग, घड्याळाचा गजर. जाड आवाज नीट यायचे, म्हणून लपवणंही सोपं होतं. बायको म्हणायची, "अहो, एकदा तपासून घ्या."

"तू पुटपुटतेस, त्याला मी काय करू?" असं म्हणून ते विषय झटकून टाकायचे. शेवटी तिनेच मोठ्याने बोलायची सवय लावून घेतली.

अशातच एके दिवशी गणिताच्या निवृत्त शिक्षिका गाडी घेऊन आल्या. गाडी वापरलेली होती, पण त्यांच्यासाठी नवी. इंजिन लहान, टर्बोवालं. "चढावर टिकटिक होते," बाई म्हणाल्या. "डब्यात खडे घालून हलवावेत तशी."

मिस्त्री स्टिअरिंगवर बसले. पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्येच पाय दाबला. "हा बघा! आला!" बाई म्हणाल्या. मिस्त्रींना इंजिनाची घरघर तेवढी ऐकू आली. आवाज होता, हे त्यांना बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. तिथेच, त्या दोघांतच, खरं बोलता आलं असतं.

परत आले तर गॅरेजमध्ये दोन टॅक्सीवाले थांबलेले. "काय निघालं, मिस्त्री?"

"काय निघायचंय! वय झालं की कानात टिकटिक व्हायचीच."

टॅक्सीवाले खो खो हसले. बाईही थोड्या हसल्या आणि उगीचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "पंपावरची मुलगी म्हणते, या गाडीत जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरा."

"पंपवाल्यांचे धंदे आहेत ते. साध्या गाडीला त्याचा काडीचा उपयोग नाही."

साध्या गाडीबद्दल त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण हे इंजिन आतल्या हवेला आणि पेट्रोलला जोरात दाबणारं होतं. कमी ऑक्टेनचं पेट्रोल तो दाब सोसत नाही, ठिणगी पडायच्या आधी किंवा भलत्याच कोपऱ्यात आपणहून पेटतं, आणि पिस्टनवर हातोडी बसावी तसा ठोका बसतो. चढावरची टिकटिक म्हणजे तोच ठोका. मिस्त्रींना हे पाठ होतं. पेट्रोल भरायच्या जागेचं बाहेरचं झाकण उघडलं असतं तरी पुरे होतं. 'ऑक्टेन ९५ किंवा अधिक' असं आत लिहिलेलं होतं. त्यांनी ते उघडलं नाही. निकाल देऊन झाला होता ना!

बाई आणखी दोनदा आल्या. दुसऱ्या वेळी तर मिस्त्री गाडीखालून बाहेरही आले नाहीत. "काही झालेलं नाही, बाई," असं तिथूनच ओरडले.

चार महिन्यांनी ती गाडी दोरीने ओढत आणावी लागली. मिस्त्रींनी इंजिन एकट्यानेच उघडलं. पिस्टनची कड उंदराने कुरतडावी तशी खडबडीत झालेली, रिंग तुटलेली. उभ्या आयुष्यात असा पिस्टन त्यांनी दोनदाच पाहिला होता, आणि दोन्ही वेळा मालकांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

दुपारी बाईंनी विचारलं, "कशामुळे झालं?"

"पेट्रोलमध्ये भेसळ," मिस्त्री म्हणाले. कसं तोंडून निघालं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. बाई तडक पंपावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत आल्या. मिस्त्रींनी खुर्ची पुढे केली, पण बसल्या नाहीत. "पेट्रोल माझ्यादेखत तपासलं, चोख निघालं. मॅनेजरने त्या मुलीला सगळ्यांसमोर विचारलं, काय मिसळलंस म्हणून. ती रडत होती. मला म्हणाली, बाई, झाकणावरचं मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं, तुम्हीच म्हणालात, मिस्त्री नको म्हणतात."

मिस्त्रींच्या हातात पुसायचं फडकं होतं. त्या फडक्याने ते पुसलेलीच बोटं पुन्हा पुसत राहिले.

"मी तीनदा आले होते, मिस्त्री. तीनदा."

"बाई, मला तो आवाज ऐकूच आला नाही," ते म्हणाले. "बारीक आवाज मला येत नाहीत. दोन वर्षं झाली."

"मग तसं सांगायचं होतं. मी हसले नसते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. पिस्टन, रिंगा सगळं त्यांनी स्वतःच्या पदरचं घालून बसवलं. बाईंनी नाही म्हटलं नाही आणि आभारही मानले नाहीत. गाडी नेताना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरून चढावर एक फेरी मारून आल्या आणि काच खाली करून म्हणाल्या, "आता आवाज नाही." सांगायला हवं म्हणून सांगितलं, तसं. पुढे ती गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊ लागली.

त्या रात्री मिस्त्रींनी बायकोला सगळं सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "उद्या जाऊ या कान दाखवायला." कानाला यंत्र लागलं. टॅक्सीवाल्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी ते झाकलं नाही. "त्या दिवशी बाई बरोबर होत्या," एवढंही सांगितलं. दोघांपैकी एकजण खाली बघत चहा ढवळत राहिला.

पंपावर जायला मात्र तीन आठवडे लागले. तोवर ते वाट वाकडी करून लांबच्या पंपावर पेट्रोल भरत होते. शेवटी एका सकाळी ते रांगेत लागले. नंबर आल्यावर खाली उतरून ते त्या मुलीला म्हणाले, "भेसळ आहे असं बाईंना सांगणारा तो मिस्त्री मीच. चूक माझी होती, तुझी नव्हती. तुझ्या मॅनेजरलाही सांगून येतो."

मुलीने टाकीत नळी घातली. तिचे डोळे पंपावरच्या आकड्यांवरच होते. "आई विचारत होती, काय गं झालं," ती म्हणाली. "मी काहीच सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली. मी काही केलं नव्हतं, तरी."

मिस्त्रींनी पाकिटातून पैसे काढून पुढे केले.

"मॅनेजर आत बसलेत," नळी काढत ती म्हणाली. "गाडी पुढे घ्या, काका. मागे रांग आहे."

त्यांनी गाडी कडेला लावली आणि मॅनेजरच्या खोलीकडे चालू लागले.