हवालदारांचा पोटपट्टा

कायद्याचा धाक शेवटी पोलिसाच्या कमरेवर उभा असतो, असं आमचे शेजारी हवालदार म्हणत. नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी जानेफळला मास्तर होतो. चौकीच्या मागच्या तपासणीत साहेबांनी हवालदारांना बजावलं होतं, "पोट उतरवा, नाहीतर फिती उतरवीन."

हवालदारांनी अकोल्याहून पोटपट्टा आणला. रबरी पट्टा सैल पडतो म्हणून नाकारला आणि मागे नाड्या असलेला जाड कॅनव्हासचा निवडला.

"नवा जोडा चावते ना मास्तर, तसा हाही चावते. मंग अंगचा होते."

जोड्यासारखंच त्याला त्यांनी एरंडेलही चोळलं.

रोज सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येई, "ओढ वं अजून."

"जीव जाईन ना तुमचा," बायको म्हणे.

"जाऊ दे. फिती राह्यल्या पाह्यजे."

पट्टा बांधला की ते निम्मं वाक्य बोलून थांबत आणि श्वास घेऊन उरलेलं बोलत. आरोपी त्या थांबण्याला घाबरत. मी त्यांच्या निळसर ओठांना घाबरत असे.

तपासणीला ते चौकीसमोर ताठ उभे राहिले. साहेबांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "ठीक" म्हणाले. तेवढ्यात साहेबांच्या हातची छडी खाली पडली. हवालदार वाकले नाहीत. साहेबही वाकले नाहीत. मी साहेबांच्या मागे, बघ्यांत उभा होतो. साहेबांच्या सदऱ्याखाली नाड्यांची गाठ स्पष्ट दिसत होती.

दोघं छडीकडे पाहत राहिले. शेवटी ती ओसरीवर बसवलेल्या कोंबडीचोराने उचलून दिली.