रस्त्यावरून गेलेली हद्द

जर्मनीत ब्योबलिंगेनजवळच्या एका गावात, कोणत्या घरातलं मूल कोणत्या शाळेत जाणार हे ठरवणाऱ्या शाळांच्या हद्दी बदलायच्या ठरल्या. प्रत्येक शाळेत जर्मन आणि परदेशी घरांतली मुलं मिसळावीत, म्हणून सुमेधा सभेत तावातावाने बोलली होती. नवी हद्द नेमकी तिच्याच रस्त्यावरून गेली. समोरच्या ऊर्मिलाची ज्ञानदा टेकडीवरच्या नावाजलेल्या शाळेत गेली आणि सुमेधाची ऊर्जा स्टेशनजवळच्या. रोज सकाळी ज्ञानदाला टेकडी चढताना पाहून सुमेधाचा जीव जळायचा. ऊर्मिलाशी ती जेवढ्यास तेवढंच बोलायची.

एकदा ऊर्मिलाच दारात आली. "तुझ्या ऊर्जाला किती मैत्रिणी मिळाल्या गं. आमची मधल्या सुट्टीत एकटीच बसते."

"होईल सवय," सुमेधा म्हणाली. तिला आतून बरं वाटलं. ज्ञानदाला आमच्याकडे खेळायला पाठव, हे म्हणायला संध्याकाळ व्हावी लागली. मग तिने ओशाळून फोन लावला.