विमानातली फिलोमिनची जागा

दाराच्या खिळ्याला लटकलेला मासा पाहून फिलोमिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वयापायी ज्याच्या हातून जाळं सुटलं, त्याच्या दाराला गावकऱ्यांनी मासा अडकवायचा, ही बर्फाळ उत्तरेतल्या सरोवराच्या या पूर्वेकडच्या टोकाची जुनी रीत. न बोलता अडकवायचा, न बोलता घ्यायचा. घेतला की ते माणूस म्हाताऱ्यांत जमा. फिलोमिनने असे कितीतरी मासे दुसऱ्यांच्या दाराला अडकवले होते. स्वतःच्या दाराला मात्र आज पहिल्यांदाच पाहिला.

तिने तो ओढून काढला आणि तशीच भाच्याच्या, इझिडोरच्या घरी गेली.

"हा काय चावटपणा?"

"बर्निस म्हणाली, तू दुपारच्या विमानानं चाललीस," इझिडोर खाली मान घालून म्हणाला. "मनगट मोडल्यापासून जाळंही बंदच आहे ना, मावशी."

"बर्निस म्हणाली! माझ्या मयताची एवढी घाई झालीय होय तुम्हाला?"

मासा त्याच्याच खिळ्याला अडकवून ती परतली.

बर्निस तिची एकुलती एक लेक. पोर वाईट नव्हती. पाण्यापलीकडे शहरात राहायची, आणि आईने फोन उचलला नाही की इझिडोरला फोन करून भंडावून सोडायची. पानगळीत आई धक्क्यावर घसरून मनगट मोडून बसली, तेव्हा तिने शहरातल्या वृद्धाश्रमात खोली धरली. काल येऊन आईची बॅगही भरली. त्याच वृद्धाश्रमात फिलोमिनची मैत्रीण अल्फोन्सिन 'हिवाळ्यापुरती' गेली होती. त्याला आता दोन हिवाळे झाले. फोनवर ती स्वतःबद्दल चकार शब्द काढत नसे. फक्त विचारायची, "बर्फ किती धरलाय गं? जाळ्यात काय लागलं?"

फिलोमिन घरात शिरली ती पहार घेऊनच बाहेर पडली. झारा, पोतं आणि दोर घसरगाडीवर टाकून तिने थेट खाडीचा रस्ता धरला. मागून बर्निस धावत आली.

"आई, विमान येईल आता!"

"येऊ दे की. त्याला कोण अडवतंय?"

बर्फाला दोन भोकं पाडून त्यांच्यामध्ये पाण्याखाली ताणलेलं इझिडोरचं जाळं खाडीच्या तोंडाशीच होतं. तिने त्याचं जाळं खुशाल आपलंच मानलं, भोकांवर धरलेला नवा बर्फ पहारीने फोडला, झाऱ्याने तुकडे उपसले, रीतीप्रमाणे पाण्याला चिमूटभर तंबाखू वाहिली. मग जाळ्याच्या पलीकडच्या टोकाला दोर बांधला आणि अलीकडचं टोक कमरेला गुंडाळून ती उलट्या पावली मागे सरकत गेली. जाळं बाहेर येत गेलं, तसे पांढरे मासे बर्फावर तडफडू लागले. त्यांत एक दांडगा ट्राउटही होता. दक्षिण किनाऱ्याला नदी गाळ आणून ओतते, तिकडच्या माशाला चिखलाचा वास मारतो, असं तिचं ठाम मत होतं. त्यावरून तिने तिकडून आलेली चांगली सोयरीकही मोडली होती.

मासे सोडवून झाले आणि गाडं अडलं. रिकामं जाळं परत पाण्यात जायला हवं. पलीकडच्या भोकापाशी जाऊन ती दोर ओढू लागली, पण अलीकडे जाळं सोडायला कुणी नव्हतं. त्याचा गुंता झाला, तो भोकाच्या काठावर अडकला आणि वाऱ्यावर कडक होऊ लागला. दुखऱ्या मनगटातून कळ निघाली. दोर निसटला.

"बघितलंस? नाही होत एकटीनं," बर्निस रडवेली होऊन म्हणाली.

"नाहीच होत! होतं, असं मी कधी म्हटलं?" फिलोमिन कडाडली. "आधी तुझा बाप होता, मग अल्फोन्सिन. जाळं दोघांचंच असतं. जोडीदार गेला की उरलेल्यालाही उचलून न्यायचं, हा कुठला न्याय? मी म्हातारी झालेय, मलाही दिसतंय. पण इथं झालेय, आणि पुढची होईन ती इथंच. आता उभी काय राहिलीस? सोड जाळं!"

बर्निसने हातमोजे काढले. गुंता सोडवून ती हातभर हातभर जाळं पाण्यात सोडू लागली. बोटं बधिर झाली, पण लहानपणची सवय गेली नव्हती. पलीकडून आई ओढत राहिली.

तेवढ्यात स्नोमोबाइलवरून इझिडोर आला.

"मासा परत आणलास तर याद राख," फिलोमिनने त्याला बजावलं. "एक दिवसाआड येऊन इथं दोर धरायचा. मला मासा नको, माणूस हवं."

"येतो, मावशी."

विमान बर्फावर उतरलं तेव्हा फिलोमिन मासे भरलेलं पोतं घेऊन सगळ्यांच्या पुढे आत चढली. बर्निसचा जीव क्षणभर भांड्यात पडला. आईने पोतं आपल्या जागेवर बसवलं, त्याला पट्टा बांधला आणि ती खाली उतरली.

"अल्फोन्सिनचे आहेत. तिच्या दाराच्या खिळ्याला अडकव."

"आई, तिथं दाराला खिळा ठोकू देत नाहीत."

"मग बघ, कुठं पाठवत होतीस मला."

बर्निस पायरीवर थांबली. पोत्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग खाली येऊन तिने अल्फोन्सिनच्या दारासाठी इझिडोरकडे एक खिळा मागितला.