हात हलला की निघायचं

सेलूकडे वळणाऱ्या फाट्यावर दोन वर्षं रस्त्याचं काम चाललं होतं, आणि ती दोन वर्षं तिथे कमलाबाईचं राज्य होतं. अंगात केशरी जाकीट, पदरावर हेल्मेट, एका हातात लाल झेंडी, दुसऱ्यात हिरवी. लोखंडाचे, सिमेंटचे, कापसाच्या गाठींचे ट्रक नागपूरहून भरधाव यायचे आणि तिच्यासमोर मुकाट उभे राहायचे. कुणी हॉर्न वाजवलाच, तर ती शांतपणे विचारायची, "घरी दूध उतू चाललं का बाप्पा?" ड्रायव्हर ओशाळून हसायचा. तिच्या पाळीत फाट्यावर कुणाला साधं खरचटलं नव्हतं, आणि हे ती गावभर सांगायची. का सांगू नये?

तिचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक म्हणजे रामाजी. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, सायकलला दोन्हीकडे वांग्यांच्या थैल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करू, असं तो सहा वर्षं म्हणत होता. त्याला झेंडीचा रंग काही दिसायचा नाही. म्हणून दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं. हात स्थिर असला तर थांबायचं, हलला की निघायचं. रोज सकाळी "जय भीम, पोरी," "जय भीम, मामा," एवढं झालं की म्हातारा सुखरूप पलीकडे.

मग एका सोमवारी ठेकेदाराने पुतळा पाठवला. बॅटरीवर चालणारा, दिवसभर हात वरखाली करून झेंडी हलवणारा. सुपरवायझर योगेंद्र, बाहेरगावचा तरुण मुलगा, फार खूश होता.

"मावशी, हा जेवत नाही, सुट्टी मागत नाही."

कमलाबाईने पुतळ्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "त्याले दिसते का पण?"

योगेंद्र नुसता हसला. तिचंच जाकीट आणि तिचंच हेल्मेट काढून त्याने पुतळ्याला घातलं. तिला मात्र दुभाजकाचे दगड रंगवायला लावलं. दगड महिनाअखेर संपणार होते, आणि त्यांच्याबरोबर तिचं कामही. तिला फार लागलं ते. पण बोलून दाखवेल ती कमलाबाई कसली.

पहिले तीन दिवस ती पार पुलापाशी रंगवत होती. चौथ्या दिवशी फाट्याजवळ पोहोचली, तेव्हा नागपूरकडून एक लांबच लांब ट्रेलर येत होता. वर घराएवढा ट्रान्सफॉर्मर. चाल हळूच होती, पण एवढं ओझं एका ब्रेकमध्ये थांबत नाही, हे दोन वर्षांत ती शिकली होती. तेवढ्यात कडेला रामाजीची सायकल दिसली. म्हाताऱ्याने पुतळ्याकडे पाहिलं. पुतळ्याने हात हलवला. रामाजी निघाला.

कमलाबाईने रंगाचा डबा फेकला आणि ट्रेलरच्या दिशेने धावली. ब्रश धरलेला हात तिने ताठ वर केला. ड्रायव्हर मुकेश याच रस्त्यावरचा जुना माणूस, तो हात त्याच्या चांगला ओळखीचा. त्याने ब्रेक दाबला. चाकं किंचाळली, अन् ट्रेलर रामाजीपासून दहा हातांवर थांबला.

कमलाबाई ओरडतच रामाजीकडे आली, तर म्हाताराच तिच्यावर तापला.

"तीन दिस झाले, मी जय भीम करून राह्यलो अन् तू बोलून नाई राह्यली. आज तूच हात हालवला, अन् आता मलेच बोलून राह्यली काऊन?"

"मामा, तो पुतळा हाये."

रामाजी पुतळ्याजवळ गेला. त्याच्या गालावरून हात फिरवला. "तरीच," तो म्हणाला, "मले वाटलं पोरगी रुसली."

मुकेश खाली उतरून हसायला लागला. कमलाबाईही हसली. हसता हसता ती ओल्या रंगाच्या दगडावरच बसली.

योगेंद्र धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने पुतळ्याचं बटण बंद केलं, जाकीट आणि हेल्मेट उतरवलं, आणि झेंड्या तिच्यापुढे धरल्या.

"मावशी, चुकलंच माझं. इथे तुम्हीच पाहिजे."

"मंग आधी त्या मामाचं ऑपरेशन करून आणा," ती म्हणाली. पण झेंड्या तिने घेतल्या.

पुतळा अजून तिथेच आहे. त्याच्या पुढे केलेल्या हातावर कमलाबाईचा जेवणाचा डबा लटकतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रामाजी आला, कमलाबाई आणि पुतळा, दोघांच्या मध्ये उभा राहिला आणि जरा घुटमळला.

"जय भीम, पोरी," तो एकीकडे तोंड करून म्हणाला. मग, चुकायला नको म्हणून, दुसरीकडे वळून पुन्हा, "जय भीम."

"जय भीम, मामा," कमलाबाईने दोघांच्या वतीने उत्तर दिलं. रस्ता दोन्हीकडून नीट पाहिला, आणि मग हात हलवला.