झोपून राहिलेल्यांचा पंचनामा

श्री. त्र्यंबकराव सासवडकर यांच्या पहिल्या भेटीत मला दरदरून घाम फुटला होता. विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता आणि साताऱ्याकडचे हे नायब तहसीलदार बदलून आमच्या दारव्हा तालुक्यात आले होते. मी बोरी अरबच्या पलीकडच्या एका गावचा पटवारी. चावडीवर येताच त्यांनी माझे दप्तर उघडले आणि म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय ना? मग मोठ्यानं वाचा." कागद ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर तो मोठ्याने वाचलाच पाहिजे, असा त्यांचा नियम. आम्ही त्यांना पाठीमागे ‘पोथीवाले साहेब’ म्हणत असू. हे नाव मीच पाडले होते, ते आज त्यांच्या साठीनिमित्त सर्वांसमक्ष कबूल करतो.

त्या गावाचे नाव मुद्दामच देत नाही. तिथली माणसे आता एकमेकांच्या लग्नाला जातात, कशाला जुनी खपली काढा! चैत्रात तिथे देवीची मोठी जत्रा भरते. यात्रेकरूंच्या गाड्या सोडायला जागा पुरेना, म्हणून गावाने सरकारकडे पडीत जमीन मागितली. पडीत कोणती, हे ठरले माझ्या एका शेऱ्यावरून, आणि तो शेरा चुकलेला होता.

झाले असे. नाल्याकाठच्या कडुनिंबांखाली एक तुकडा होता, त्यात पीक दिसेना. वाटेत सगुणाबाई नावाची म्हातारी भेटली. तिला विचारले, तर म्हणाली, "तिथं आमचे लोक झोपून राह्यले ना जी." मी बाभुळगावचा, वऱ्हाडी माझ्या तोंडची भाषा, पण अक्कल गहाण टाकली होती. उन्हात उतरून चार पावले चालण्याचाही कंटाळा केला आणि बैलगाडीतूनच लिहून टाकले, ‘पडीत. ग्रामस्थ दुपारी विश्रांती घेतात.’ ती म्हातारीच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची पुरण्याची जागा होती. माती सपाट झालेली, वर नुसते चपटे दगड.

सगुणाबाईच्या वस्तीने दोन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म स्वीकारला होता. देवीच्या पालखीपुढे हलगी वाजवणे त्यांनी सोडले होते. गाव त्यावर धुमसत होतेच. "देवी सोडली, आता जागाबी सोडा," अशी भाषा सुरू झाली. विहिरीवर लाठ्या निघाल्या, दोघांची डोकी फुटली. जत्रेच्या आदल्या दिवशी यवतमाळहून हुकूम आला की संध्याकाळच्या आत जागा मोकळी करून द्या. सोबत एका जमादाराच्या हाताखाली पोलीस पार्टी आली.

टळटळीत दुपारी आम्ही तिथे पोहोचलो. वारा पडलेला, पाखराचा आवाज नाही. गावची कुत्री आमच्या मागे आली होती, ती नाल्यापाशीच थबकली. हाकलली तरी पुढे येईनात. निंबांखाली ओळीने पांढऱ्या चादरी दिसत होत्या. डोक्यापासून पायापर्यंत पांघरून सगळी वस्ती आडवी झाली होती.

जमादार मोजू लागले. एकदा मोजले, मग पुन्हा मोजले आणि माझ्याकडे वळले. वस्तीची यादी माझ्या हातात होती. म्हातारेकोतारे, तान्ही पोरे सगळी धरली तरी इतकी माणसे भरत नव्हती. चादरी जवळजवळ दुप्पट होत्या.

"उठा, मला बोलायचंय," त्र्यंबकराव म्हणाले. काही चादरी उठून बसल्या. बाकीच्या हलल्या नाहीत. जमादार ओरडले, "ऐकू येत नाही का रे?"

सगुणाबाई म्हणाली, "त्याइले कायले वरडता जी? म्या पटवाऱ्याले सांगतलं होतं ना, झोपून राह्यले म्हणून."

तिने जवळच्या एका चादरीचे टोक उचलून दाखवले. खाली माती आणि दगड. ही सगळी माझ्या लेखणीची करणी!

त्र्यंबकरावांनी पायांतले बूट काढले, डोक्यावरची हॅट काढली. "पटवारी, शेरा दुरुस्त करायचाय. एकेका चादरीपाशी जा, नाव विचारा, लिहा आणि मोठ्यानं वाचा."

मी वाचत गेलो. नाव उच्चारले की शेजारी बसलेले कोणीतरी म्हणायचे, "हाओ, हायेत." शेवटी एका हातभर चादरीपाशी आलो. तिच्या शेजारी कोणीच नव्हते. सगुणाबाई दुरून म्हणाली, "त्याचं नावच ठेवलं नोहतं जी. बारशाच्या आंधीच गेलं. मायबी गेली मंग." मी ‘नाव नाही’ असे लिहिले आणि वाचले.

"हाओ," असा आवाज आला. अगदी जवळून, बारीक. मी जमादारांकडे पाहिले, ते माझ्याकडे पाहत होते. तो आवाज कोणाचा, हे मी आजवर कोणालाही विचारलेले नाही आणि विचारणारही नाही. त्र्यंबकराव एवढेच म्हणाले, "लिहा, हजर."

तेवढ्यात गावचे पाटील पन्नासेक माणसे घेऊन नाला ओलांडून आले. त्र्यंबकरावांनी त्यांना अडवले नाही. "पाटील, हुकूम तुमच्या बाजूनं आहे. फक्त आधी ही यादी ऐका," म्हणाले आणि स्वतः वाचू लागले. गोविंदा हलगीवाल्याचे नाव आले तसे पाटील दचकले.

"हा इथं हाये?"

"तुमच्या पायापाशी."

पाटील त्या चादरीपाशी उकिडवे बसले. "याच्या खांद्यावर बसून जत्रा पाह्यली जी म्या."

"मग त्याच्यावरून गाड्या न्यायच्या का, तेवढं सांगा. मी बाजूला होतो."

पाटलांनी त्या चादरीचे टोक सारखे केले. मग मागे वळून ओरडले, "गाड्या फिरवा रे! माह्या पऱ्हाटीच्या वावरात सोडा!" कापूस निघून गेलेला होता, वावर रिकामेच होते.

त्र्यंबकरावांनी यवतमाळला कळवले की जमीन पडीत नाही, अखंड वहिवाट आहे, वहिवाटदारांची यादी सोबत जोडली आहे. उत्तरादाखल ठपका आला आणि मागोमाग पुसदला बदली. शेऱ्याची चूक त्यांनी ‘कार्यालयाची’ म्हणून लिहिली. माझे नाव कुठेच नव्हते. मी पुसदला जाऊन पाय धरले, तर म्हणाले, "अहो, सगळ्यांपुढं चूक वाचलीत ना तुम्ही? झालं तर. जेवून जा." त्या दिवशी त्यांच्या घरचे पिठले-भाकरी खाताना मला रडू आवरले नाही.

मागच्या महिन्यात या लेखाच्या निमित्ताने त्या गावी गेलो. सगुणाबाई आता पार वाकली आहे. निंबांखाली एक नवी चादर दिसली. खाली दगड नाहीत, नुसती सारवलेली माती. मी विचारले, "कोण गेलं?"

"कोणी नाही जी. सासवडकर सायबाची जागा ठेवून राह्यलो. या झोपलेल्याइले इचारलं, ते हाओ म्हणले. रोज सकाळी झटकून पाह्यते मी, कोणी येऊन झोपलं त नाही ना."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण एवढा मोठा सन्मान मी कोणत्याही सरकारी अधिकाऱ्याच्या वाट्याला आलेला पाहिलेला नाही. त्र्यंबकरावांचे पाय असेच धडधाकट राहोत, नजर शाबूत राहो, आवाज खणखणीत राहो. आणि सगुणाबाई, तिच्यामागे तिची सून, सुनेमागे नात, यांनी ती चादर आणखी चाळीस वर्षे रोज सकाळी झटकावी आणि रोज ती रिकामी निघावी.