हॉलमधला घाट

संघपाल उस्मानपुऱ्यातल्या एका बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिल्हा परिषदेत नोकरीला आहे, रिटायर व्हायला वर्षभर बाकी. माणूस सरळ, पण एक खोड लई वाईट. दुखलंखुपलं कुणाला सांगायचं नाही. दाढ ठणकत असली तरी गालावर हात ठेवून म्हणेल, मजेत आहे. या 'मजेत'नंच त्याचा घात केला, तो कसा ते सांगतो.

त्याला सायकलीचा जुना नाद. दर रविवारी पहाटे ऑफिसातला कचरू आणि आणखी दोघंतिघं सोबती घेऊन तो दौलताबादचा घाट चढायचा, वर टपरीवर चहा प्यायचा आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचा. त्याची बायको करुणा म्हणायची, या वयात लोकं गुडघ्याला तेल लावतात, आमचे हे चेनीला लावतात. मग गेल्या फेब्रुवारीत उतारावर एक कुत्रं आडवं आलं आणि संघपाल तोंडावर आपटला. खांद्याचं हाड मोडलं. करुणानं त्याला लेकरासारखं भरवलं, अंघोळी घातल्या, शर्टाच्या गुंड्या लावल्या. हाड जुळून येतं न येतं तोच कॅनडातून पोराचा, अभयचा, फोन आला. सूनबाई रूपाचे दिवस भरत आले होते. जूनमध्ये करुणा सहा महिन्यांसाठी तिकडं गेली.

जायच्या आधी मायलेकांनी मिळून फर्मान काढलं, की पप्पांनी आता रस्त्यावर सायकल काढायची नाही. पडले तर करायला घरात आहे कोण? आणि फर्मान जाचक वाटू नये म्हणून अभयनं पुण्याहून एक यंत्र मागवून दिलं. सायकलीचं मागचं चाक काढायचं आणि सायकल या यंत्रावर चढवायची. समोर टीव्हीवर रस्ता दिसतो. आपण पायडल मारलं की पडद्यावरचा आपला बाहुला पुढं सरकतो, आणि पडद्यावर चढ लागला की यंत्र आपोआप जड होतं. जगभरातली माणसं आपापल्या घरात बसून त्याच रस्त्यावर येतात म्हणे. संघपालनं खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला. सायकल जागची हलणार नाही आणि घाम मात्र खराखुरा, हा कुठला शहाणपणा!

सुरुवातीला जी गंमत झाली ती काही विचारू नका. यंत्रानं वजन विचारलं, तर यानं लग्नातलं वजन टाकलं. त्यामुळं पडद्यावरचा बाहुला असा सडसडीत पळायला लागला की हा स्वतःवरच खूश. पहिला चढ आला, पायडल एकाएकी जड झालं. याला वाटलं चेन अडकली. खाली उतरला, चेन पुसली, तेल सोडलं, पायडल हातानं फिरवून पाहिलं. तोवर पडद्यावरचा बाहुला रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून उभा, आणि शेजारून माणसं भराभरा निघून चाललेली. त्यातल्या कुणीतरी जाता जाता याला अंगठ्याची खूण पाठवली. संघपालनं टीव्हीपुढं हात जोडले. नंतर अभयनं सांगितलं, की ती खूण जो तो ज्याला त्याला पाठवतो, एक बटण दाबलं की झालं. ते ऐकून तो थोडा हिरमुसलाच.

हळूहळू बस्तान बसलं. जागच्या जागी वारं लागत नाही, म्हणून त्यानं बाल्कनीतला कूलर ओढून हॉलमध्ये आणला. खाली घामाचं तळं साचायला लागलं, म्हणून सतरंजी अंथरली. खालच्या मजल्यावरच्या भागूबाई दोनच दिवसांत वर आल्या आणि वर गिरणी टाकली का म्हणून विचारायला लागल्या. मग सतरंजीखाली जाड रबरी मॅट आली. भागूबाई परत काही वर आल्या नाहीत. खरं सांगायचं तर त्या आल्या असत्या, दोन शिव्या दिल्या असत्या, तरी संघपालला चाललं असतं.

एकटा पडला होता तो, दुसरं काय. ऑफिसातून आला की कुलूप स्वतःच काढायचं, दिवा स्वतःच लावायचा. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येणार, त्या दिवशी करुणा पाइप धरायची आणि हा बादल्या उचलायचा. आता पाइपही यानंच धरायचा आणि बादल्याही यानंच उचलायच्या. कचरू रविवारी खालून हाक मारायचा, ती याच्या नकारानं हळूहळू बंद झाली. घर असं खायला उठायचं, की तो टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या पोरीला, बस कर बाई आता, म्हणून मोठ्यानं सांगायचा. आणि मग सायकलीवर चढून कुठल्या तरी परक्या देशाच्या डोंगरात जाऊन यायचा. तिथं निदान माणसं दिसायची, मग ती बाहुली का असेनात.

पण करुणाचा फोन आला की गडी बदलायचा. आज फ्रान्सचा डोंगर चढलो, काल जपानात होतो, पिठलं टाकलं, भाकरी पण फुगली, लई मजा चाललीय. तिनं काळजी करू नये, नातीच्या सरबराईत तिचं मन तिथं लागावं, एवढाच त्याचा हेतू. त्यात खोटेपणा असा काही त्याला वाटतच नव्हता.

दिवाळीच्या आधी करुणानं विचारलं. रूपाला नवी नोकरी चालून आली होती. आई थांबणार असतील तर हो म्हणते, नाहीतर नको, असं तिचं म्हणणं. करुणाचं तिकीट डिसेंबरचं होतं. ठरल्याप्रमाणं येऊ, की मुक्काम वाढवू? तिनं एकदा विचारलं, दुसऱ्या दिवशी परत विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारताना, अहो खरंच सांगा, असंही म्हणाली. 'ये' म्हणायचं संघपालच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. थांब की, माझं काय अडतंय, मी मजेत आहे. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ सायकलीच्या सीटवर नुसताच बसून राहिला.

तर आता त्या रविवारची गोष्ट. रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी रात्री, बापलेक पडद्यावर सोबत सायकल चालवायचे. अभयकडंही तसलंच यंत्र होतं. दोघं कानाला हेडफोन लावून बोलत राहायचे. हा तासाभराचा पोरगा संघपालला आठवडाभर पुरायचा.

त्या दिवशी चढ लांबलचक होता. अभय जवान, पुढं गेला. अंतर वाढत चाललं, संघपालची छाती भरून आली, तरी तो थांब म्हणाला नाही. त्यालाही कारण होतं. दौलताबादच्या घाटात यांच्या टोळीचा रिवाजच तसा. मागं पडलेल्यानं हाक मारायची नाही. पुढच्यानंच वळून बघायचं, कोण नाही ते ओळखायचं आणि पाय टेकवायचा. वर्षानुवर्षं हे न बोलता चालत आलेलं. कचरूनं याला कधी हाक मारायची पाळी आणली नव्हती. आता पडद्यावरचा बाहुला थोडाच वळून बघतोय! आणि पप्पांचा आवाज नाही म्हणजे पप्पा मजेत आहेत, असं अभयनं धरलं, त्यात त्याचं तरी काय चुकलं. तो चढतच राहिला.

तेवढ्यात हेडफोनमध्ये मागून करुणाचा आवाज आला. ती नातीला घेऊन अभयच्या खोलीत आली असावी. पप्पांना पार मागं टाकलंस की रे, असं ती म्हणाली. अभय हसला. आणि मग ती म्हणाली, आवाज असा की त्यात ना राग ना हसू, "त्यांना काय रे. त्यांची सायकल झाली की झालं. माझ्यावाचून त्यांचं काही अडत नाही."

संघपालचे पाय थांबले. कूलरची घरघर तेवढी चालू राहिली. तो सायकलीवरून उतरला, टॉवेलनं तोंड पुसलं आणि म्हणाला, "अभय, आईकडं दे."

करुणा घाबरीघुबरी होऊन फोनवर आली. पडलात का, छातीत दुखतंय का, एका दमात तिनं सगळं विचारून टाकलं.

"पडलो नाय," तो म्हणाला. "करुणा, मला करमत नाय."

त्यानं कूलर बंद केला.

"मी खोटं सांगत होतो. मजा-बिजा काय नाय इथं. घरात पाय टाकू वाटत नाय. तू ये."

 करुणाला रडू फुटलं. "तीनदा विचारलं हो मी तुम्हाला. तीनदा. तेव्हा एवढं एक वाक्य बोलला असता तर आले असते मी. आता रूपानं नोकरी धरली, परवा हजर होणार. या एवढ्याशा जिवाला कुणाच्या भरवशावर टाकू?"

 संघपाल खाली सतरंजीवर बसला.

ती रडत होती. रडता रडताच तिनं सांगितलं, की तिलाही तिथं करमत नाही. खिडकीबाहेर माणूस दिसत नाही, शेजारीण नाही, बोलायला कोणी नाही. रोज वाटायचं, आज यांनी ये म्हणावं. पण यांचा फोन असा खुशीतला, की वाटायला लागलं, आता आपली गरज उरली नाही. म्हणून तर हो म्हणाले थांबायला. हे ऐकताना संघपालनं डोळे मिटून घेतले. दोघांनी मिळून ही काय खुळ्याची कामगिरी करून ठेवली होती!

मग तिनं नाक ओढलं आणि विचारलं, "काल रात्री काय जेवलात? खरं सांगा."

पिठलं-भाकरी, हे शब्द त्याच्या जिभेवर तयारच होते. ते त्यानं गिळले.

"चहात बिस्किटं बुडवून खाल्ली."

"अन् परवा?"

"परवाबी तेच," संघपाल म्हणाला.