चौथे दहा मणी

आमच्या आजीला गर्दी, भांडण आणि घाई या तीन गोष्टी आवडायच्या नाहीत, आणि देवाने तिला नेमक्या त्याच भरभरून दिल्या. पाच मुलं, दोन गायी आणि एक नवरा. नवरा म्हणजे आमचे आजोबा, सुतार. हातात कला आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

पहाटे पाचला ती गोठ्यात असायची. बादली गुडघ्यांत धरून, कपाळ गायीच्या पोटाला टेकवून ती ‘नमो मारिया’ पुटपुटत धार काढायची. दुसरं कुणी बसलं की तांबडी पान्हाच चोरायची. माझी आई एकदा वैतागून म्हणाली, “मी काय घोडं मारलंय हिचं?” आजी म्हणाली, “तू गप्प बसून धार काढतेस. तिला प्रार्थनेची सवय आहे.” मग आईही पुटपुटायला लागली. डेअरीत दूध घालून आणि चर्चमध्ये मिस्सा ऐकून आजी परत यायची, तेव्हा आम्ही पोरं अजून अंथरुणातच लोळत असायचो.

संध्याकाळी सातला रोजरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. माळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग, एका मण्याला एक ‘नमो मारिया’, आणि आजीची मुलंही पाच. तिने सरळ वाटणी करून टाकली होती. थोरल्या काकांनी पहिले दहा मणी पुढे होऊन म्हणायचे, बाबांनी दुसरे, मोठ्या आत्याने तिसरे, धाकट्या आत्याने चौथे आणि शेंडेफळ काकांनी पाचवे. बाकीच्यांनी गुडघ्यांवर बसून उत्तर द्यायचं. पुढे लग्नं झाली, कुणी पांगलं, तर त्याची जागा घरातल्या नातवंडाने चालवायची. बाबा उशिरा आले की दुसरे दहा माझे. कुणी भरभर म्हणायला लागलं की आजी त्याला परत पहिल्या मण्यावर आणायची. घर जळत असतं तरी तिने रोजरी आटोपती घेतली नसती, असं बाबा म्हणायचे.

मी पाच वर्षांची असताना धाकटी आत्या गेली. गेली म्हणजे मेली नाही. मीटर बसवायला एक वायरमन आला होता, दुसऱ्या धर्माचा. तिने त्याच्याशी शहरात जाऊन रजिस्टर लग्न केलं. आजोबांनी रंधा खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, “या घरात आता तिचं नाव निघणार नाही.” सगळे मूग गिळून बसले. आजीसुद्धा.

त्या संध्याकाळी तिसरे दहा संपले. शेंडेफळ काकांनी घाईघाईने पुढचं सुरू केलं, तर आजीने हात वर केला. “तुझा नंबर पाचवा.” एवढंच. मग ती एकेक मणी सरकवत राहिली. ओठ हलत होते, आवाज नाही. दहा मणी झाल्यावर म्हणाली, “हं, आता पाचवे.” आजोबांनी डोळे वटारले, पण बोलणार काय? नाव तर कुणीच घेतलं नव्हतं.

तेव्हापासून एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी आमचं अख्खं घर तीन-चार मिनिटं गुडघ्यांवर गप्प बसायचं. पाहुणे आले तर चक्रावायचे. नव्या फादरना वाटलं, आम्ही प्रार्थना विसरलो. मी नऊ वर्षांची असताना मला एकदा सडकून भूक लागली होती. मी चौथे दहा मोठ्याने म्हणायला सुरुवात केली, म्हटलं रिकामी जागा आहे, आपण भरू. आजीने माझ्या तोंडावर अलगद हात ठेवला. नंतर वाढताना म्हणाली, “बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना? ती जागा रिकामी नसते, बाळा.”

मोठी झाल्यावर मला या सगळ्याचा संताप यायचा. आत्या दीड तासावर राहत होती. मी आजीला म्हणायची, “डेअरीतून परस्पर एस्टी पकड आणि जाऊन ये. आजोबांना कळणारही नाही.” ती म्हणायची, “मी चोरून भेटले तर ती चोर ठरेल. माझी पोर पुढच्या दारातून येईल.” मला ते खुळचट वाटायचं. आजोबांचा राग यायचा, तिचा यायचा आणि रोज निमूट गुडघे टेकणाऱ्या आम्हा सगळ्यांचाही यायचा.

मग आजीने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, आठवडा निघाला तर निघाला. मुलं जमली, चार. तिच्या पलंगाभोवती आम्ही रोजरीला बसलो. तिसरे दहा संपले आणि सवयीने सगळे गप्प झाले. आजीचे डोळे मिटलेले होते. माळ हातात होती, पण बोटं हलत नव्हती. ओठही नाही. श्वास मात्र चालू होता.

आता ‘पाचवे’ कोण म्हणणार? कुणाची छाती झाली नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेंडेफळ काका खाली मान घालून रडत होते. गोठ्यात तांबडीची नात हंबरली.

आजोबा खुर्चीला धरून उठले. त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला सुताराच्या पेन्सिलीने एक फोन नंबर लिहिलेला होता, पुसट होऊ नये म्हणून दोन-तीनदा गिरवलेला. माझा फोन मागून त्यांनी तो स्वतः लावला.

“चौथे राहिलेत,” ते म्हणाले. “ये.”

आम्ही प्रार्थना तिथेच थांबवली. आजोबांनी पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि चौकटीला टेकून उभे राहिले. नऊ वाजून गेल्यावर आत्या आली, केस पांढरे झालेली, मला रस्त्यात ओळखू आली नसती अशी. आजोबांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. ती पलंगाशी गुडघ्यांवर बसली. आजीच्या बोटांतून माळ सोडवून न घेता, तिच्याच हातात ठेवून मणी सरकवायला लागली.

“नमो मारिया, कृपापूर्ण...” ती म्हणत राहिली, आणि आम्ही उत्तर देत राहिलो.

“अकरा झाल्या,” आजी म्हणाली.

डोळे मिटलेलेच होते. आत्या थांबली. “मोजायची सवय गेली, आई. परत म्हणू?”

“नको.” आजीने तिचा हात चाचपला. “पाचवे घ्या आता, आणि जरा भरभर आटपा. पोर इतक्या लांबून उपाशी आलीय.”